मुलं किती?

अमेरिकन वकिलातीतून निघाल्यापासून हाजी मीरजान एक अक्षर बोलले नव्हते. बसमध्ये नाही, टॅक्सीत नाही, रावळपिंडीतल्या भाड्याच्या घराचा जिना चढतानाही नाही. मागून त्यांची बायको बोबोजान येत होती. एरवी गुडघ्यांच्या नावानं खडे फोडत, पायरीपायरीवर अल्लाला हाक मारत चढणारी ही बाई आज तरातरा वर आली, आणि त्या पावलांवरूनच सून लैलुमानं ताडलं की काहीतरी बिनसलं आहे.

आत शेरआगा काका गादीवर ऐसपैस बसला होता. हाजींचा हा धाकटा भाऊ पिंडीत येऊन जुना झालेला, सुक्या मेव्याच्या दुकानाचा मालक. कुटुंबातलं पानही आपल्यावाचून हलत नाही अशी त्याची समजूत होती, आणि काबूल सोडून त्याच्या आधारानं आलेल्या भावाच्या घरात ती खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. व्हिसा मिळाल्यावर तोंड गोड करायला त्यानं नुकुल आणले होते, साखरेत घोळलेले बदाम. थोरला मुलगा सबूर दारातच उभा होता.

"मिळाला?" त्यानं विचारलं.

हाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच पाहत बसले. बोबोजाननं चादर खुंटीला अडकवली.

"मी सांगते. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, मुलं किती. हे म्हणाले, दोन."

यातली गंमत अशी, की खोलीतल्या दोन्ही पुरुषांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. सबूर पुढचं ऐकायला थांबला. शेरआगा म्हणाला, "बरं, मग?"

"मग काय मग?"

"दोनच तर आहेत. सबूर आणि इद्रिस. पुढे काय विचारलं?"

चहाचा थर्मास घेऊन आलेली लैलुमा तेवढी जागच्या जागी थांबली. "आणि शगुफा?" ती म्हणाली.

तेव्हा कुठे सबूरचा चेहरा उतरला. कारण अमेरिकेतून आईवडिलांसाठी अर्ज करणारी, त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावणारी ती शगुफाच होती, हाजींची लेक. ज्या मुलीच्या जोरावर बाप त्या खिडकीपुढे उभा होता, तिलाच त्यानं मोजताना गाळलं होतं.

हाजी मूळचे काबूलजवळच्या लोगरचे, आणि आमच्या लोगरकडे हे असंच चालतं. बाप्याला विचारावं मुलं किती, तर तो मुलगे सांगतो. मुली असतात, लाडाच्याही असतात, तापात त्यांच्या उशाशी बाप बसून असतो. पण परक्याला आकडा सांगताना त्या त्यात येत नाहीत, आणि चारचौघांत त्यांचं नाव तर घ्यायचंच नाही. हाजी काही मुलीचा दुस्वास करणारे नव्हते. घरात 'शगुफा, शगुफा' करून त्यांनी तिला भंडावून सोडलेलं असायचं. पण काबूलमध्ये ती दुपारची भाकरी घेऊन लाकडाच्या वखारीवर आली, की गिऱ्हाइकांपुढे तेच हाजी तिला 'ए बच्चा' म्हणत. जिभेला जन्माचं वळण पडलेलं. खिडकीपुढे प्रश्न आला आणि जीभ आपल्या वळणावर गेली.

त्या बाईनं फाइलीत पाहिलं होतं आणि पुन्हा विचारलं होतं, नावं सांगा. सबूर, इद्रिस. आणखी कुणी? तिच्या शेजारी बसलेला दुभाष्या पेशावरचा पोरगा होता. त्याला चूक कळली होती आणि तो डोळे मोठे करून हाजींकडे पाहत होता, पण पढवायची त्याला मुभा नव्हती. हाजी म्हणाले, अल्लाची कृपा, दोघंच. मग बाईनं फाइल फिरवून त्यांच्यापुढे धरली. तुम्हाला बोलावणारी स्त्री इथे स्वतःला तुमची मुलगी म्हणते, आणि तुम्ही शपथेवर सांगताय की तुम्हाला मुलगीच नाही. तिथे हाजींची पाचावर धारण बसली. आहे, तीही एक आहे, असं ते पुटपुटले. नाव काय, म्हटल्यावर मात्र खाली पाहत राहिले. शेजारच्या खिडकीवर लोगरचेच दोघं उभे होते आणि मागची बाकं अफगाण माणसांनी भरलेली होती. बाईला वाटलं, या माणसाला आपल्या मुलीचं नाव आठवत नाहीये.

पुढच्या गुरुवारी पुन्हा या, ती म्हणाली. जुने फोटो आणा. नाहीतर तुमची आणि मुलीची लाळ डीएनए तपासणीला पाठवू, पण त्याला महिने लागतील.

फोटो नव्हते. शगुफाचा नवरा परदेशी फौजेचा दुभाष्या होता. काबूल तालिबानच्या हाती पडलं त्या आठवड्यात बोबोजाननं लग्नाचा अल्बम आपल्या हातानं तंदुरात घातला, आणि लेकीच्या लहानपणीचे फोटो त्याच अल्बमात होते. लाळेसाठी थांबावं, तर इथल्या सरकारनं राहायला दिलेली मुदत महिनाअखेरीला संपत होती. पोलिसांची गाडी गल्लीतून फिरून गेली, की दुसऱ्या दिवशी एखाद्या अफगाण घराला कुलूप दिसे. परत जायचं म्हटलं तर वखार गेली होती आणि घरात भलतीच माणसं राहत होती. सबूरचं काकाच्या दुकानात, त्याच्या ओळखीवर कसंबसं भागणार होतं. म्हाताऱ्यांना मात्र त्या खिडकीवाचून दुसरी वाट उरली नव्हती.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" शेरआगानं हात झटकले. थोरल्या भावाला तो लाला म्हणायचा. "लाला, दुभाष्यावर ढकलून द्या. म्हणावं, तो काय विचारत होता तेच कळलं नाही. पेशावरची फारसी, कुणाला कळते?"

"आणि त्या पोराची नोकरी गेली तर?" बोबोजान म्हणाली.

सबूरनं दुसरा तोडगा काढला. बाबांनी सांगावं, घरात किती मुलं राहतात असं मला वाटलं. शेरआगाला तो एकदम पसंत पडला. लैलुमा चहा ओतत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग इद्रिसचं नाव कसं घेतलं? तो जर्मनीत आहे."

"सुना पण सल्ले द्यायला लागल्या का या घरात?" शेरआगा म्हणाला.

"देऊ दे," बोबोजान म्हणाली. "आज मी तोंड उघडलं नाही म्हणून ही वेळ आलीय. आता या घरात ज्याला बोलता येतं त्यानं बोलावं."

खरंच, तिला सगळ्यात जास्त जाळत होतं ते हेच. ती हाजींच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. 'दोन' हा शब्द तिनं ऐकला होता. शगुफा हिच्याच पोटची, पहिलटकरणीच्या वेणा देऊन जन्मलेली, आणि तरी परक्यापुढे नवऱ्याचा शब्द खोडायचा नाही म्हणून ती मूग गिळून बसली. अकरा वर्षं झाली होती लेकीला पाहून. अकरा वर्षं ती फोनच्या काचेवर तिच्या गालावरून बोट फिरवत होती. नुकुलच्या पिशवीला गाठ मारून तिनं ती उंच फळीवर ठेवून दिली. मी माझ्या लेकीकडे जाणार, तिनं मनाशी म्हटलं, आणि या माणसाला घेऊन जाणार, आणि तिचं नाव यांच्या तोंडून वदवून मगच जाणार.

संध्याकाळी, तिकडे सकाळ व्हायच्या सुमाराला, शगुफाचा फोन यायचा. तिला काय सांगायचं ते काकानं जाण्याआधी ठरवून दिलं होतं: एक कागद कमी पडला. सबूरनं तसंच सांगितलं.

"कुठला कागद?" शगुफानं विचारलं. "मी सगळे दोन-दोनदा पाठवलेत."

"आहे एक. इथलाच."

"नाव सांग ना त्याचं."

सबूर अडखळला. त्याच्या मागे लैलुमा हस्नाला कडेवर घेऊन उभी होती. दोन वर्षांची ही पोर तिची आणि सबूरची. महिन्यापूर्वी याच जिन्यात घरमालकानं सबूरला विचारलं होतं, मुलंबाळं? आणि सबूर म्हणाला होता, अजून नाही. तेव्हा हस्ना अशीच लैलुमाच्या कडेवर होती आणि बापाची टोपी ओढत होती. लैलुमानं तो घोट गिळला होता. नवरा वाईट नव्हता, तो पोरीला रोज खांद्यावर बसवून फिरवायचा. म्हणून तर बोलायचं काय आणि कुणाला, हे तिला सुचलं नव्हतं. आज मात्र तिनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"शगुफाजान, कागद सगळे आहेत," ती म्हणाली. "बाबांना विचारलं मुलं किती. बाबा दोन म्हणाले."

मग शगुफानं विचारलं, बाबा आहेत का तिथे?

"आहेत. पडद्यामागे बसलेत. ऐकू जातंय त्यांना."

"मग मध्ये बोलू नका म्हणावं." मग ती थेट वडिलांशीच बोलू लागली. "बाबा, मी चिडलेय. रडतेही आहे, तेही सांगून ठेवते. पण अर्ज मी मागे घेणार नाही, एवढ्या स्वस्तात तुम्ही सुटायचे नाहीत. आणि ती लाळेची तपासणी मी करणार नाही. मी तुमची आहे हे यंत्रानं कशाला सांगायचं? तुम्ही जिवंत आहात की. गुरुवारी तुम्हीच सांगा."

शगुफानं आईला सलाम सांगितला, कामाला उशीर होतोय म्हणाली आणि फोन ठेवला. ती तिकडे वृद्धांच्या निवासात नोकरी करायची. दुसऱ्यांच्या आईबापांना न्हाऊमाखू घालायची.

सबूरनं बायकोकडे रागानं पाहिलं. "काय गरज होती?"

"तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता, ते आठवा," लैलुमा म्हणाली. "घरमालकाला काय सांगितलंत, ते आठवा." ती पोरीला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिनं त्या दिवशी त्याच्याशी आणखी एक शब्दही काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बोबोजाननं शाळा उघडली. हाजींचाच चष्मा नाकावर चढवून ती गादीवर बसे, हाजींना समोर उभं करी आणि विचारी, मुलं किती? तीन. नावं? बंद खोलीत, दोघंच असताना, हाजींनी घडाघडा सांगितली.

"बंद खोलीत कुणीही सांगेल," ती म्हणाली आणि लैलुमाला हाक मारली.

लैलुमापुढे हाजींनी गालिच्यावरच्या नक्षीकडे बघत का होईना, पण सांगितलं. सबूरपुढे दोनदा खोकून सांगितलं. मग तिनं त्यांना गच्चीत उभं केलं. समोर नानवाल्याच्या तंदुराशी पाचसहा माणसं रांगेत होती. तिथे हाजींच्या तोंडातून जे निघालं ते शेजारच्या कबुतरालाही ऐकू गेलं नसतं. बोबोजाननं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. हाजी चिडले, म्हणाले, तुला समजत नाही. नाव ही घराच्या आतली वस्तू आहे. ते बाहेर टाकणं म्हणजे पोरीला उघड्या डोक्यानं बाजारात उभं करणं. मी तिला लपवत नाही, मी तिला झाकतो.

"कुणापासून झाकता?" बोबोजाननं विचारलं. "ती तिकडे गाडी चालवते, तिच्या छातीवर नावाची पट्टी असते. सगळं गाव तिला नावानं हाक मारतं. जगात एक तुम्हीच राहिलात."

त्या दिवशी हाजींनी जेवताना दुसरा नान घेतला नाही.

बुधवारी शेरआगा आला. बोबोजाननं मुद्दामच त्याच्यापुढे चष्मा चढवला, कारण खरी खिडकी म्हणजे तोच, हे तिला ठाऊक होतं. सबूर भिंतीला टेकून उभा होता.

"मुलं किती?"

"तीन," हाजी म्हणाले.

"नावं?"

"सबूर. इद्रिस. आणि..." शेरआगानं चहाचा पेला तोंडापासून खाली घेतला आणि भावाकडे पाहिलं. "आणि एक बच्चा," हाजी म्हणाले.

शेरआगा हसला. "बघा वहिनी, माझ्या लालांची जीभ खानदानी आहे. ती कुठे वाकायची? तुम्ही उगाच म्हाताऱ्याचे हाल करताय. अहो, उद्या पिंडीच्या बाजारात लोक म्हणतील, मीरजानच्या पोरीचं नाव अमुक. मला दुकानात बसायचंय."

बोबोजाननं चष्मा उतरवून मिटला. दिराशी ती आजवर चढ्या आवाजात बोलली नव्हती आणि आताही तिनं आवाज चढवला नाही.

"शेरआगा, तुमच्या आधारानं आम्ही राहिलो, तुमचं मीठ खाल्लं, ते मी विसरणार नाही. पण उद्या आम्ही नाकारले गेलो आणि सरहद्दीच्या ट्रकवर चढलो, तर तुम्ही दुकानात बसाल, आणि लोक विचारतील, भाऊ कुठे गेला? तेव्हा सांगा त्यांना, आमच्या अब्रूपायी गेला. उद्या तुम्ही गाडी काढा, आम्हाला बसपर्यंत सोडा. मात्र यांना एक शब्द शिकवू नका."

शेरआगानं आधारासाठी पुतण्याकडे पाहिलं. सबूर नेहमी काकाच्या बाजूनं मान हलवायचा. पोटाचा प्रश्न होता. आज तो भिंतीपासून सुटला आणि वडिलांपुढे येऊन बसला.

"बाबा, तुम्ही क्रम पण चुकवताय," तो म्हणाला. "पहिलं माझं नाव कशाला घेता? थोरली ती आहे. मी दुसरा."

लैलुमा दारात होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि आठवडाभरात प्रथमच त्याच्यापुढे चहा आणून ठेवला. हाजी उठले, टोपी घातली आणि नमाजाला निघून गेले. त्यांच्या मनात काय आहे याचा कुणाला थांगपत्ता लागला नाही.

गुरुवारी सकाळी शेरआगानं गाडी काढली, आणि वचन दिलेलं असूनही त्याला राहवलं नाही. बसशी उतरताना तो हाजींच्या कानाशी लागला: दुभाष्यावर ढकला, विसरू नका. हाजींनी ऐकल्यासारखं केलं.

हॉल तसाच भरलेला होता. तीच खिडकी, तीच बाई, तोच पेशावरचा पोरगा. उजवा हात वर करून दोघांनी खरं बोलायची शपथ घेतली. मागच्या खेपेला परस्त्रीकडे पाहू नये म्हणून हाजींनी नजर दुभाष्यावर ठेवली होती, आणि बाईला ते चोरट्यासारखं वाटलं होतं. या वेळी त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहायचं ठरवलं होतं.

फोटो आणलेत का?

नाहीत, बोबोजान म्हणाली. जाळावे लागले. का, तेही तिनं सांगितलं. बाईनं मान हलवली आणि हाजींकडे वळली. तुम्हाला मुलं किती?

"तीन."

नावं सांगा.

मागे बाकावर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, त्याची बोली लोगरची होती. आत येताना त्यांनी एकमेकांना सलाम केला होता. तो ऐकणार. त्याचे मुलगे ऐकणार. शेजारी बायकोचा श्वास ऐकू येत होता. पण कानात घोळत होता तो लेकीचा आवाज: तुम्ही जिवंत आहात की.

"पहिली शगुफा," ते म्हणाले.

दुभाष्या काचेजवळ वाकला. "हाजीसाहेब, बाईंना ऐकू आलं नाही. माइकजवळ या."

हाजी पुढे झाले. दोन्ही हात कट्ट्यावर टेकवून त्यांनी तोंड माइकला लावलं, आणि वखारीत कामगारांना हाक मारायचे त्या आवाजात म्हणाले, "शगुफा. माझी थोरली. मग सबूर, मग इद्रिस."

नाव हॉलभर घुमलं. बाकावरच्या काही माना वळल्या. हाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते मागे सरले नाहीत.

बाईनं काहीतरी लिहिलं. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि बोबोजानच्या शाळेत जे पढवलं नव्हतं तेच विचारलं. मग मागच्या वेळी तुम्ही दोन का म्हणालात?

बोबोजाननं ओठ उघडले. आज काहीही झालं तरी ती गप्प बसणार नव्हती. पण हाजींनी तळहात वर करून तिला थांबवलं. दुभाष्या त्यांच्याकडेच पाहत होता. त्याच्यावर ढकलून द्यायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य तयारही होतं.

"या पोराची काही चूक नव्हती," हाजी म्हणाले. "मला प्रश्न कळला होता. आमच्यात मुली मोजत नाहीत. माझ्या बापानं माझ्या बहिणी मोजल्या नाहीत, मी माझी लेक मोजली नाही. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही, शपथ घेऊन सांगतो. परवा ती फोनवर रडली तेव्हा वाटलं."

दुभाष्यानं हे इंग्रजीत सांगायला जरा वेळ घेतला.

बाईनं विचारलं, तिच्याबद्दल काही सांगा. काहीही.

आणि मग एक चमत्कार झाला. जी जीभ एका नावाला अडून बसली होती ती सुटली ती सुटलीच. रॉकेटं पडत होती त्या हिवाळ्यात ती तळघरात जन्मली, हाजी म्हणाले; सुईण येऊ शकली नाही, नाळ मीच कापली, माझ्या हातांना राळेचा वास होता. तिच्या डाव्या भुवईत फळीचा व्रण आहे. करवतीच्या आवाजाला ती भ्यायची, पण भीत भीत रोज यायची. अक्रोडाचं लाकूड आणि तुतीचं लाकूड ती डोळे मिटून नुसत्या वासानं ओळखायची, आणि हे सबूरला अजून जमत नाही. तिला शोरव्यातला कांदा आवडत नाही. तिचं लग्न झालं तेव्हा विमानतळावर मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मी तिला जाऊ दिलं नसतं. दुभाष्या दोन वाक्यं मागे पडला, मग चार. शेवटी त्यानं हात टेकले. बाई हसली. पुरे, पुरे, ती म्हणाली.

तिनं दोघांचे पासपोर्ट उचलले आणि परत दिले नाहीत, आपल्या बाजूच्या पेटीत टाकले. हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक होता: व्हिसा मंजूर. बोबोजान तिथेच कट्ट्याला धरून उभी राहिली आणि चादरीचं टोक डोळ्यांना लावलं. जाताना बाकावरच्या लोगरी म्हाताऱ्यानं हाजींना हटकलं. आता हा काय बोलतो म्हणून हाजी ताठ झाले. म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "मला चार आहेत. चारही सांगायच्या का?"

"चारही," हाजी म्हणाले. "आणि मोठ्यानं. त्या बाईला कमी ऐकू येतं."

बस थांबायची तिथे चहाची टपरी होती, आणि टपरीभोवती नेहमीप्रमाणे अफगाणांचा घोळका: कुणाचा बाप आत गेलेला, कुणाची बायको. सबूर आणि शेरआगा तिथेच उभे होते. आईचा चेहरा पाहूनच सबूरला कळलं आणि त्यानं तिला मिठी मारली. शेरआगा पुढे झाला, भावाचे खांदे धरून म्हणाला, मुबारक, लाला, दुभाष्यावर ढकललंत ना? हाजींनी सबूरपुढे हात केला.

"फोन लाव. तिकडे रात्र असली तरी लाव."

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. पण रस्त्यावर ट्रकांची रांग होती आणि आवाज तुटत होता.

"शगुफा," हाजींनी हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी आवाज चढवला. "शगुफा! ऐकतेयस का? ए शगुफा, मी बाप बोलतोय!"

टपरीवरचं बोलणं थांबलं. चहावाल्यानं मान वर केली. फोनमधून बारीक आवाज आला, बाबा, किती सांगितलीत?

"तीन. तू पहिली."

पलीकडे ती रडायला लागली आणि इकडे हाजीही रडायला लागले, भर रस्त्यात, दाढी भिजेपर्यंत. शेरआगानं त्यांची बाही ओढली. "लाला, हळू. आपली माणसं आहेत इथे."

हाजींनी डोळे पुसले आणि फोन त्याच्या हातात दिला. "घे. पुतणीशी बोल."

शेरआगानं घोळक्याकडे पाठ केली. "सलाम, बच्चा," तो म्हणाला.

"नाव घे," हाजी म्हणाले.

शेरआगानं भावाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीही नजर हटवली नाही. सबूरनंही नाही. फोनमधून 'काका? काका?' असं चाललं होतं, आणि टपरीवरची माणसं आता उघड उघड ऐकत होती. शेरआगानं घसा खाकरला.

"शगुफाजान," तो म्हणाला, "तुझा बाप वेडा झालाय. लवकर घेऊन जा त्याला."